हेमा पुराणिकांचा संशय

टेलिफोन खात्याच्या ट्रंक बोर्डावर एकोणीस वर्षं काढलेल्या हेमाताई पुराणिकांना माणसाचा आवाज बदलला की लगेच कळायचं. पलीकडची बाई "सगळं ठीक आहे" म्हणाली, तरी ते ठीक नाही हे त्यांना पहिल्या दोन शब्दांत समजे. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघाले, ट्रंक कॉल लावून देणारी माणसं नकोशी झाली आणि खात्याने त्यांना बिलांच्या तक्रारींच्या टेबलावर बसवलं. कान मात्र तिखटच राहिला.

दोन हजार एकच्या दिवाळीआधी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढावा लागला. मग केमोचे सहा डोस झाले. केस गेले, पुन्हा उगवू लागले. उन्हाळा संपता संपता त्या कामावर रुजू झाल्या. किती पटकन सावरलात, असं लोक म्हणत. हेमाताई मान डोलावत आणि बोलणाऱ्याची नजर कुठे घसरतेय ते पाहत. ब्लाउजमध्ये त्यांनी स्वतः शिवलेली कापसाची गादी होती. ती सरकेल या धास्तीने त्यांनी मंडईत जाणं सोडलं. डावा हात सुजायचा, म्हणून कपडे वाळत घालण्याचं काम नवऱ्याकडे गेलं.

अशात घरातली कुजबुज त्यांच्या कानावर येऊ लागली. नवरा, श्यामसुंदर, हे हायस्कूलमधून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. दबक्या आवाजात बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. पण लेकीने, तनयाने, पहिल्या पगारवाढीत घेऊन दिलेला मोबाइल घेऊन ते आता गॅलरीत जात आणि दार लोटून घेत. तनया सॉफ्टवेअर कंपनीतून थकून येई, बाबांशी दोन वाक्यं बोले, आई दिसली की जेवणाचं विचारी. त्यातच तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी हेमाताईंना बाहेर बसायला सांगितलं आणि श्यामसुंदरांना पाच मिनिटं आत ठेवून घेतलं.

परत आलाय, आणि हे मला सांगत नाहीत. हेमाताईंनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. झोप उडाली. घास फिरू लागला. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि ते नाही खोटं आहे हे आपल्याला कळलं असतं. म्हणून त्यांनी विचारलंच नाही.

एका सकाळी श्यामसुंदर आंघोळीला गेले असताना त्यांनी मोबाइल उघडला. एकच नंबर चार वेळा लावलेला होता. तो पाठ करून त्या ऑफिसला गेल्या आणि टेबलावरच्या फोनवरून फिरवला. पलीकडे एक मुलगी बोलली. हे मनोविकारतज्ज्ञांचं क्लिनिक होतं. पुराणिकांची वेळ शनिवारी साडेपाचची, नाव श्यामसुंदर, असंही तिने आपण होऊन सांगून टाकलं.

हेमाताईंनी रिसीव्हर ठेवला. कुजबुज आजाराबद्दल नव्हती तर. त्याहून वाईट चाललं होतं. नाव नवऱ्याचं दिलं असलं, तरी आपल्याला वेडी ठरवायचं घाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "शनिवारी साडेपाचला कुठे जायचंय?"

श्यामसुंदरांनी कप उचललाच नाही. सगळं सांगून टाकलं. हेमा जेवत नाही, खिडकीशी तासन्‌तास बसते, हे त्यांनीच कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. अशा आजारानंतर मनही खचतं, त्यालाही औषध असतं, असं म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. "तुला वेड्यांच्या डॉक्टरकडे चल म्हणायची हिंमत झाली नाही. म्हटलं आधी आपणच जाऊन बघावं, माणूस कसा आहे."

"आणि मी कशी आहे, ते मला सोडून सगळ्यांना सांगितलंत," हेमाताई म्हणाल्या.

शनिवारी त्या गेल्या, पण एकट्या आत शिरल्या. नवऱ्याला बाहेर बाकावर बसवलं. कॅन्सरच्या तपासण्यांची फाइल टेबलावर आपटून म्हणाल्या, "मनाचं मग बघू. हे वाचा आणि परत आलाय का ते सांगा."

त्या वयस्कर डॉक्टरांनी चष्मा लावून एकेक पान वाचलं. "या कागदांत तरी तसं काही नाही," ते म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही."

वर्षभरात 'मला माहीत नाही' असं म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. त्या आवाजात त्यांना खोट सापडली नाही. मग त्या तासभर बोलल्या: आरशाबद्दल, गादीबद्दल, नवरा रात्री पाठ करून झोपतो ते किळसेने की काळजीने, याबद्दल. ते त्यांनी नंतर घरीही विचारलं. हात दुखेल म्हणून मी लांब सरकतो, असं श्यामसुंदर म्हणाले. हेमाताईंना ते अर्धंच पटलं.

गोळ्या वर्षभर चालल्या. झोप हळूहळू आली. संशय गेला असं नाही. दर तपासणीआधी आठवडाभर तो उंबऱ्यात येऊन बसायचाच. फक्त आता त्या तो मनात न ठेवता मोठ्याने बोलून दाखवत, त्याला घरात घेत.

पुढे दवाखान्यात ऑपरेशन झालेल्या बायकांशी बोलायला त्या गुरुवारी जाऊ लागल्या. एकदा मुळशीकडच्या तुळजाबाई समोर आल्या. पदर गच्च आवळून त्यांनी हेमाताईंना खालीवर न्याहाळलं.

"तुमाला दवाखान्यानं बसवलंय व्हय, समदं झ्याक हाय म्हनून सांगाया?"

"नाही," हेमाताई म्हणाल्या, "सगळं झ्याक नाहीये," आणि त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

तुळजाबाई जरा वेळ उभ्याच राहिल्या. मग कडेला टेकल्या.