डोमाची जीभ

डोमा आमच्याकडे कामाला आला तेव्हा पन्नाशीचा होता आणि तोवर त्याने एकही मासा जगवलेला नव्हता. हे त्यानेच पहिल्या दिवशी आमच्या ह्यांना सांगून टाकलं. "साहेब, मी मारत आलो. बापबी मारतच होता. जगवाचं काम आमच्यात कोणी केलं नाई." ह्यांनी ऐकून घेतलं आणि तरी त्यालाच ठेवलं. हे तलावांवरचे ओव्हरसियर. मासा आला की ढिवराला, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्याला, बोलवायचं, एवढंच त्यांना माहीत.

मासा पाठवला माझ्या दिरांनी. ते जहाजावर इंजिनियर. छप्पनच्या नोव्हेंबरात आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हा त्यांनी पत्र लिहिलं, की आता समुद्र तुमचाही झाला, तुमचा वाटा पाठवतो. आम्हाला वाटलं थट्टा आहे. माघात ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर लहान गाडीतून तो वाटा उतरला. डांबर फासलेल्या चौकटीची काचेची टाकी, ओल्या पोत्यात गुंडाळलेले प्रवाळाचे दगड, वेताच्या टोपल्यांत बसवलेले समुद्राच्या पाण्याचे मोठमोठे बुधले, आणि एका बुधल्यात अंगठ्याएवढा निळा मासा. तोंड नारिंगी. सोबतच्या खलाशाने टाकी लावून दिली आणि तो परतीच्या गाडीने गेला. चिठ्ठीत लिहिलं होतं, की इंग्रजीत ह्याला एंजल म्हणतात, म्हणजे देवदूत, आणि हा त्यांच्यातला बुटका प्रकार आहे. दिवाळीला मी येईन तोवर सांभाळा. डोमाने चिठ्ठीचा अर्थ ऐकला आणि माशाला बुटकेभाऊ म्हणू लागला.

बुटकेभाऊंना हवा लागे. ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरून ती बारीक नळीने टाकीत सोडायची, हे डोमाचं दिवसभराचं काम. शिवाय नदीचे झिंगे वाटून द्यायचे. दगडांवरचं शेवाळ मात्र घासायचं नाही, ते बुटकेभाऊ स्वतः चरत. पाण्याचा खारेपणा मोजायला दिरांनी काचेची एक तरंगती नळी पाठवली होती. ती आमची कमळा तोंडात घालेल, ह्या भीतीने मी फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवायला गेले आणि तिथूनच ती पडून फुटली. कमळा तेव्हा चार वर्षांची. तिने त्या नळीकडे कधी पाहिलंही नव्हतं.

मी रडकुंडीला आले. डोमा म्हणाला, "काऊन घाबरता बाई. पह्यल्या दिवशीच मी चव घेतली होती. मले याद हाय."

त्या दिवसापासून डोमाची जीभ ही आमची नळी झाली. रोज सकाळी तो विहिरीच्या पाण्याने तीनदा चूळ भरी, बोट बुडवी, जिभेवर टेकवी आणि डोळे मिटून उभा राही. तंबाखूने चव बिघडते असं त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने तंबाखू सोडली. चौदाव्या वर्षापासून खाल्लेली तंबाखू, आणि सोडली ती ज्या समुद्राचं त्याने तोंडही पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी. त्याची बायको गिरजा मला म्हणाली की मी वीस वर्षं सांगितलं ते ऐकलं नाही, बोटभर माशाचं ऐकलं.

चैत्रात ऊन तापलं आणि टाकीतलं पाणी आटू लागलं. पाणी कमी झालं की हे बुधल्यातलं ओतत. समुद्रात समुद्राचंच पाणी घालायचं, असा त्यांचा नियम. आठवड्यात बुटकेभाऊ कोपऱ्यात पडून राहू लागले. डोमाने चव घेतली आणि थुंकला. त्याने ह्यांना विचारलं, "साहेब, कढी आटली त बाई तिच्यात पाणी टाकते, का कढीच टाकते?" हे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, पण टाकीत विहिरीचं पाणी थोडंथोडं पडू लागलं आणि मासा उठला.

हे सगळं ढिवरपुऱ्यात पोचत होतं. डोमाची एकुलती मुलगी कुंता लग्नाची होती. तिची एक सोयरीक आधीच मोडली होती. दुसरी वडश्याकडच्या मुखरूभाऊंच्या मुलाशी जवळजवळ ठरली, तोच मुखरूभाऊंचा निरोप आला, की पोरीचा बाप मासा पाळतो असं ऐकतो. मी स्वतः येऊन पाहीन, मग हो की नाही ते सांगीन.

मला झोप येईना. मुलीची आई असल्यावर दुसऱ्याच्या मुलीचं लग्न मोडताना पाहवत नाही. मी डोमाला म्हटलं, तू सोड हे काम, माशाचं काय व्हायचं ते होवो. तो म्हणाला, "मंग चव कोण घेईन?"

वैशाखात एका दुपारी मुखरूभाऊ आले. पांढरं धोतर, मनगटं जाळं ओढून जाड झालेली. आल्याआल्या त्यांनी तंबाखूची पिशवी डोमापुढे धरली. सोयऱ्याची तंबाखू नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं. डोमाने हात जोडले आणि नको म्हणाला. दारात उभ्या असलेल्या गिरजाने पदर तोंडात कोंबला.

"मासा मारत नाई, तंबाखू खात नाई," मुखरूभाऊ म्हणाले, "त मंग तू जगून काऊन राह्यला?"

डोमाने त्यांना टाकीपाशी नेलं. टाकीत मासा नव्हता. दगड होते, बुडबुडे होते, मासा नव्हता. बुटकेभाऊ परका माणूस दिसला की दगडाच्या बिळात शिरत, हे आम्हाला माहीत होतं. पाहुण्यांना दिसलं ते एवढंच, की होणारा इवाई, म्हणजे व्याही, गोटे भिजत घालतो आणि ते पाणी चाटतो. मुखरूभाऊंनी बोट बुडवून चव घेतली आणि ओसरीखाली जाऊन थुंकले. मग शांतपणे समजावून सांगितलं, की मीठ मेल्यावर लावतात, सुकवायच्या माशाला. जित्या माशाला मीठ लावलेलं त्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नाही. मासा दिसला तर सोयरीक पक्की. नाही दिसला तर पाच वाजताच्या गाडीने आपण जाणार.

सगळे टाकीसमोर बसलो. तीन वाजले, चार वाजले. मी डोमाला बाजूला घेऊन म्हटलं, तो दगड उचल, मासा आपोआप बाहेर येईल. तो म्हणाला, "झोपला असन बाई. उन्हाचं कोणाले उठवू नये." मी कुंताचं नाव काढलं. त्याचे डोळे भरले, पण हात टाकीत गेला नाही. मग मीच पदर खोचून पुढे झाले, तर मुखरूभाऊंनी मला हाताने थांबवलं. त्यांनी काचेला नाक लावलं होतं.

तलावाच्या काठी वाकून पाहावं तसे ते टाकीभोवती फिरले. मागच्या दगडावर शेवाळ होतं आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे डाग होते. "हे आजचं चरलं हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग तळाच्या वाळूत काहीतरी बारीक पाहिलं आणि एक वाक्य बोलले. त्यातला एक शब्द मला लिहिता येत नाही. अर्थ असा, की मेलेल्याचं पोट साफ होत नसतं.

ते उठले. टोपी नीट केली. "मासा हाय," म्हणाले. "न पाह्यता सांगतो. पोरगी आमची झाली, समजा."

ते फाटकापर्यंत गेले असतील, तोच बुटकेभाऊ बाहेर आले आणि काचेशी उभे राहिले. ह्यांनी हाका मारल्या. मुखरूभाऊंनी मागे वळूनही पाहिलं नाही. ढिवराने मासा आहे म्हटल्यावर तो त्याला दाखवणं हा अपमान असतो, असं डोमाने आम्हाला नंतर सांगितलं.

ज्येष्ठात लग्न झालं. मांडवात जेवणं उरकल्यावर वऱ्हाडातल्या एकाने डोमापुढे तंबाखू धरली. मुलीचं लग्न पार पडलं, आता तरी खा, म्हणून चौघेजण मागे लागले. डोमा हात जोडत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. शेवटी मुखरूभाऊंनी ती पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि तिचं तोंड बांधून टाकलं.

"त्याले आग्रह करू नका," ते म्हणाले. "माह्या इवायाची जीभ नोकरीवर हाय."