पुढच्या शॉकअपचं तेल

किस्से काही आम्ही मुद्दाम जमवले नाहीत. मोटारसायकलवर लांब फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यातली माणसं कमी होत गेली आणि त्यांच्या जागी किस्से येऊन बसले. आता तिघेच उरलोय: मी, निफाडचे बाळासाहेब आणि सातपूरचा विलास. विलासच्याच पार्किंगमध्ये आम्ही रविवारी गाड्या उघडतो.

*

पुढच्या शॉकअपमधलं तेल बदलायचा पहिला मान मला मिळाला, कारण माझी पीएच.डी. द्रवांच्या प्रवाहावर! तेल ओतलं की आतली हवा निघायला शॉकअपची नळी हळूहळू वरखाली करावी लागते. मी ती करतच राहिलो. "अजून एखादा बुडबुडा असेल का हो?"

बाळासाहेब वैतागले. "सर, तेल भरायचंय. प्रबंध नाय तपासायचा!"

*

एकदा मापासाठी बाळासाहेबांनी घरून द्राक्षांच्या फवारणीचं औषध मोजायचं भांडं आणलं. काम झाल्यावर पुसून परत नेलं. दुसऱ्या दिवशी फवारणीच्या टाकीत तेलाचा रंगीत तवंग! त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, घडांना बी शॉकअप बसवले का?"

*

सिन्नरच्या रस्त्यावर मला वाटलं, एका बाजूला तेल कमी पडलंय. तसाच मागे फिरलो आणि दोन्ही बाजू पुन्हा उघडायला लावल्या. मोजपट्टी घालून बघितलं, तेल अगदी समान निघालं.

"आता तरी शंका फिटली?" विलासनं विचारलं.

"तेलाची फिटली," मी म्हणालो. "मोजपट्टीची राहिली."

*

मग विलासला कंपवात झाला. डॉक्टरांनी गाडी बंद केली. तरी रविवारी तो खाली हजर. हातात पाना धरवेना, तेव्हा त्यानं बाळासाहेबांच्या हातातली तेल भरलेली शॉकअपची नळी ओढून घेतली. "हे हलवायचं काम माझ्याकडे द्या. आपोआप होतं!"

आम्ही खूप हसलो. मग कुणालाच कुणाकडे बघवेना.

*

विलासच्या बायकोचा, सुधावहिनींचा, मला फोन आला. "भाऊजी, तुम्ही एवढे शिकलेले. तुमचं ऐकतील. गाडी विकायला सांगा. एक दिवस गुपचूप काढतील आणि पडतील हो!"

घरापासून सातपूरपर्यंत वाक्यं पाठ करत गेलो. विलास गाडीचा आरसा पुसत होता. काच त्याच्या हाताखाली थरथरत होती.

"विलास," मी म्हणालो, "तुझ्या शॉकअपचं तेल बदलायला झालंय."

*

तर गेल्या रविवारी ते बदललं. काम संपलं की मालकानं गाडीवर बसायचं, पुढचा ब्रेक धरून हँडल दाबून बघायचं. त्याच्याआधी दुसऱ्या कुणी बसायचं नाही, ही आमची रीत. विलास सीटवर हात ठेवून उभा राहिला. पाय काही उचलेना. बाळासाहेब स्वच्छ झालेला पाना पुन्हा पुसत राहिले. हीच वेळ होती गाडी विकायचं सांगायची. मी तेलाच्या रिकाम्या डब्यावरचं लेबल वाचत बसलो.

वहिनी चहा घेऊन आल्या. आमच्याकडे एकदा बघितलं. ट्रे पायरीवर ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि गाडीवर बसल्या.

"ब्रेक कुठला?"

"उजव्या हाताचा," विलास म्हणाला.

त्यांनी हँडल दाबलं. पुन्हा दाबलं.

"कसं वाटतंय?" विलासनं विचारलं.

"मऊ आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मागे बसलात की दोघांच्या वजनाला नाही पुरायचं."