मोहाच्या झाडांचा कागद शोधायला नागपूरला

नागपूरला जायचं ठरलं ते माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांच्या एका वाक्यामुळे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. उमरेडजवळच्या शाळेत मुलांना कविता शिकवता शिकवता मी सरकारी वनधोरण आणि गावाचे नियम यांवर प्रबंध लिहीत होतो. आमच्या गावात मोहाला कुऱ्हाड लावायची नाही, आणि चैतात ज्यानं झाडाखालची जागा झाडून ठेवली, फुलं त्याची. हे बाबांनी सांगितलेलं. सर म्हणाले, "ऐकीव गोष्टींवर धोरणाचा अभ्यास होत नाही. कागद आणा, नाहीतर हे प्रकरण गाळा." प्रबंधाचा सगळा जीव त्या एका प्रकरणात होता.

सकाळची एसटी धरली. रस्ता दीड तासाचा, पण खाणीच्या ट्रकांमागे अडकलं की दोन. डावीकडची खिडकी घ्या, ऊन लागत नाही. कोळशाची धूळ मागे पडली आणि मोहफुलांचा गोड, जड वास आत आला. चौथीतली एक कविता आपोआप ओठांवर आली.

"काय पुटपुटून राहिले मास्तर?" शेजारचे आजोबा.

"कविता."

"बरं झालं. मले वाटलं, तिकीट हरवलं!"

धंतोलीत मावसभावाकडे पिशवी टाकली, कोपऱ्यावर तर्रीपोहे खाल्ले (स्वस्त आणि डोळ्यांत पाणी आणणारे) आणि सरकारी दप्तरखाना गाठला. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून गार, मातकट सुगंध येत होता. दौलतराव नावाचे कारकून चष्म्यावरून बघत होते. मी ऐटीत म्हणालो, "पर्यावरणाविषयीचे जुने कागद हवेत."

"असं खातंच नाही गा आमच्याकडे. जंगलाच्या हापिसात पाहा."

तिथं दुपारभर सागाच्या लिलावांच्या याद्या चाळल्या. झाडं होती, माणसं नव्हती. दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यात परत आलो आणि त्याच ताटीशी गुमान बसलो. परतीची गाडी संध्याकाळची होती.

दौलतरावांना दया आली असावी. "मास्तर, एक सांगा. तुमच्या गावचे लोक जंगलातून आणत काय होते?"

"सरपण, चारा, मोहफुलं."

"मंग तसं बोला नं! निस्ताराचा बस्ता मांगा. गावानं घरखर्चाले जंगलातून काय घ्यायचं, ते त्यात लिहून राहते. गावाचं नाव?"

त्यांनी लाल कापडात बांधलेलं गाठोडं आणलं. शाई चालत नसे, फक्त पेन्सिल. तुम्हीही असे कागद शोधायला निघालात, तर मोठे शब्द घरी ठेवा आणि चाऱ्यापासून विचारायला लागा.

चार वाजता पान सापडलं. अक्षर इतकं वळणदार, की शाळेतल्या कित्त्यासारखं वाटलं. मोहाला कुऱ्हाड नाही. जो झाडील, फुलं त्याची. उतरवून घेताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. शेवटच्या ओळीशी मात्र थांबलो, आणि एकटाच हसलो: 'गावच्या वृद्धांच्या सांगण्यावरून लिहिले.'

"काय झालं गा?" दौलतराव.

"काही नाही. गाव भेटलं."

घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात वाळलेली फुलं गोळा करत होते. नक्कल वाचून दाखवली.

"हे तर मीच सांगतलं होतं. एवढ्यासाठी नागपूरले काहून गेला?"

"कागद पाहिजे होता, बाबा."

"अन् कागदाले कोणं सांगतलं?"

प्रबंधात तळटीप लिहिली: आधी त्या बस्त्याचा क्रमांक, त्याखाली बाबांचं पूर्ण नाव. सरांनी ती वाचली, लाल पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि पान उलटलं.

आता बाबा नाहीत. खाण गावाच्या बरीच जवळ आली आहे. माझी नक्कल फिकटली, वाचायला भिंग लागतं. पण चैत लागला की पहाटे खराटा घेऊन मी आमच्या मोहाखाली जातो. गुडघे कुरकुरतात. तरी जागा झाडून ठेवतो.