ऑपरेशनआधीचा शनिवार: उल्हासनगर ते सोनिवली, सुशीच्या शोधात

शुक्रवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "मला सुशी खायचीय."

सोमवारी त्यांच्या जिभेचं ऑपरेशन होतं. तंबाखूची देणगी. डॉक्टर जिभेचा एक भाग काढणार होते. नंतर चव किती राहील, बोललेलं किती कळेल, हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. आईने मटण विचारलं, बोंबील विचारले. बाबा हटून बसले.

तरुणपणी अंबरनाथच्या कारखान्याने त्यांना तीन महिने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं. तिथल्या जेवणाचा विषय निघाला की ते उठून जायचे. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. बदलापुरात आमच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना होते. पंचशील म्हणताना बाबा चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, क्षणभर अडखळतात. मी लहानपणापासून बघतेय. आम्हाला वाटायचं, दम लागतो.

मुंबईपर्यंतचा प्रवास त्यांना झेपला नसता. म्हणून शनिवारी सकाळी त्यांना रेनकोट चढवला, स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले. कल्याण-बदलापूर रस्त्यावर खड्डे चुकवत उल्हासनगरला पोचायला पाऊण तास लागला. बाबांनी पूर्ण रस्ता माझा खांदा घट्ट धरला होता.

कॅम्प चारमधल्या रेस्टॉरंटच्या सुशीचे फोटो मी अ‍ॅपवर पाहिले होते. मेन्यूत आठ तुकडे, तीनशे वीस रुपये. मालक सिंधी, बोलायला गोड.

"मच्छीवाली नाही मिळणार ताई. चालीहो चालू आहे ना, झुलेलालच्या उपवासाचे चाळीस दिवस. पनीरवाली देऊ? एकदम मस्त है."

जन्म या पट्ट्यात गेला, दरवर्षी चालीहोची मिरवणूक बघते, आणि एक फोन करायचं मला सुचलं नाही. माझाच मला राग आला. बाबा नुसते म्हणाले, "पनीर नको. चल."

परत फिरून अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या नव्या टॉवरखालच्या कॅफेत गेलो. एसी, काचेची भिंत, प्लेट साडेचारशेची. फ्रीजमधून काढलेला गार भात, त्यावर मेयोनीजचा थर. बाबांनी एक तुकडा तोंडात धरला, कसाबसा गिळला आणि प्लेट सरकवली.

"भात मेलाय."

"तिकडे जपानमध्ये सुशीचा भात असा नसायचा?"

"भात रोज खातो गं. एवढं कळतं."

बिल देताना वेट्रेस हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगू? सोनिवलीला रोहिणीताई आहेत, घरून ऑर्डर घेतात. हॉटेलच्या किचनमध्ये होत्या आधी. मी फोन करून ठेवते."

सोनिवली बदलापूर पश्चिमेला, म्हणजे आमच्या घरापासून दहा मिनिटं. सगळीकडे फिरून आम्ही घराजवळच आलो. नव्या इमारतीत दुसरा मजला, दारात चपलांचा ढीग. रोहिणीताईंनी बाबांच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं आणि विचारलं. मी ऑपरेशनचं सांगितलं.

"मग कच्चा मासा मी देणार नाही, काका. ऑपरेशन तोंडावर, त्यात पावसाळा. पोट बिघडलं तर?"

"कच्चंच पाहिजे होतं," बाबा म्हणाले. आणि मग आम्हा दोघींना त्यांनी जे सांगितलं, ते आईलाही ठाऊक नव्हतं.

जपानमधला त्यांचा फोरमन. निघायच्या आदल्या दिवशी त्याने बाबांना घरी बोलावलं, स्वतःच्या हाताने सुशी केली. कच्चा मासा बघून बाबांना धडकी भरली. "मी म्हटलं, आज आमचा उपवास आहे. आपल्या घरात कधी कुणी उपवास धरलाय? समोर त्यांचं देवघर, त्यात बुद्ध. त्यांच्यासमोर बोललो मी ते. त्या माणसाने प्लेट उचलली आणि मलाच नमस्कार केला. 'तुमचा उपवास मोडायला निघालो होतो' म्हणत माफी मागितली माझी."

कुकरची शिट्टी झाली. मग रोहिणीताई उठल्या. "कोळंबी उकडून घालते. जपानमध्येही घालतात, काका. ती सुशीच असते."

त्यांनी परातीत गरम भात पसरला, व्हिनेगर-साखर-मिठाचं पाणी शिंपडलं आणि वर्तमानपत्राने वारा घालत राहिल्या. कोमट भाताचे मुटके वळले, वर कोळंबी ठेवली. बाबांनी चॉपस्टिक बाजूला ठेवल्या आणि हाताने उचललं. जिभेवरच्या जखमेला व्हिनेगर झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. मी ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. आठही तुकडे खाल्ले. अर्धा तास लागला.

"चांगलं होतं," ते म्हणाले. "त्याचंही चांगलंच असणार."

तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी ऑर्डर द्या. कोळंबीची प्लेट चारशेला, आणि तिथेच बसून खा, भात कोमट असेतोवर. चालीहोत मच्छीसाठी उल्हासनगरला जाऊ नका. बाकी या तीन गावांत सुशीचं दुसरं ठिकाण मला सापडलं नाही.

ऑपरेशन होऊन महिना झाला. बाबा पातळ खिमट खातात, चव लागत नाही म्हणतात. त्यांचं बोलणं आईला अर्धंच कळतं. मला वाईट वाटतं, खूप वाटतं. काल सकाळी ते पहिल्यांदा वंदनेला बसले. शब्द घोगरे, ओठांतून लाळ गळत होती, आई रुमाल घेऊन शेजारी. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं आलं तेव्हा मी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. बाबा अडखळले नाहीत.