पाण्याची घंटा

चांगुणाबाई आमच्या वस्तीवरच्या शाळेत खिचडी शिजवते. उन्हाळ्यात पाण्याची घंटाही तीच द्यायची. दर अर्ध्या तासाला घंटा झाली की सगळ्या लेकरांनी रांगेनं पाणी प्यायचं. मधेच कुणी उठायचं नाही, असा नियम होता.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात दुसरीतली माहेनूर रांजणापाशी आली.

"मावशी, पाणी द्या ना."

"घंटा होऊ दे, बाई. पाचच मिन्टं राहिली."

पोरगी गुणाची. परत जाऊन पायरीवर बसली. घंटा झाली, तेव्हा ती उठली नाही. हिंगोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता चांगुणाबाई घंटेला हात लावत नाही. भरला गिलास घेऊन वर्गावर्गांतून फिरते. मे महिन्याच्या सुट्टीतही येते आणि त्या रिकाम्या पायरीपुढे गिलास धरून उभी राहते. गावातले शहाणे म्हणतात, बाई पाप फेडून राहिली. जळो त्यांची जीभ!

परवा तिनं गिलास माझ्यापुढे धरला. "सर, मी काहून थांबवलं असंल तिला?"

मी खाली मान घालून पाणी पिऊन टाकलं. नियम माझा होता.