कुंकू लावलेला शाफ्ट

मुग्धाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी जीपचा एक भाग काढला. तो काढायचा नव्हता.

आता सविस्तर कबुली देतो. जीप माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची. आप्पा गेले आणि जीप गोडदेवला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या ताब्यात आली. माझ्या सासरी एक रीत आहे: घरातली प्रत्येक मुलगी लग्नानंतर निघते ती याच जीपमधून. माझी बायको मीनाही तशीच निघाली होती. (नवरदेवाला उतरून धक्का मारावा लागला होता. तो वेगळा विषय.) आता पाळी मीनाच्या भाचीची, मुग्धाची. हॉल काशीमीऱ्याला, पाठवणी संध्याकाळी.

"काका, जीप येणार ना?" तिनं आठवडाभर आधी विचारलं होतं. "आजोबा नाहीत, निदान त्यांची जीप तरी."

"म्हणजे काय! मी आहे ना," मी म्हणालो.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी जीप बाहेर काढली तर ती अशी खडखडली, की भाजीवाल्याने गाडी बाजूला घेतली! वेग वाढवला की आतल्या माणसाचे दातही वाजायचे. यातून नववधू नेली असती तर सासरी दागिन्यांआधी दात मोजावे लागले असते. वर्षभर मी त्या जीपला नुसतं येता-जाता बघत होतो, कधी खाली वाकलो नव्हतो. मला इतकं अपराधी वाटलं की मी तिच्या बॉनेटला सॉरी म्हणालो.

आमचा मिस्त्री नेमका गावी. फोनवर म्हणाला, "साहब, आगे का शाफ्ट गया है. उसको निकाल दो, पीछे के पहियों पे मक्खन चलेगी."

रात्री मी व्हिडिओ बघितला. जीप चारही चाकांवर चालते. इंजिनाची ताकद नेणारे दोन लांब लोखंडी दांडे खाली असतात, एक पुढच्या चाकांकडे, एक मागच्या. पुढचा खराब, तो काढायचा. यात न समजण्यासारखं काय आहे?

"मिस्त्री मिळतो का बघू ना दुसरा," लग्नाच्या दिवशी सकाळी मीना म्हणाली.

"मुग्धाला शब्द मी दिलाय. शाफ्ट मीच काढणार!"

तेवढ्यात सासूबाई हळदीकुंकवाची कुयरी घेऊन खाली आल्या. "विलासराव, थांबा. ह्यांच्या जीपला पूजा केल्याशिवाय पाना लागू द्यायची नाही मी."

"लावा ना. जो दांडा काढायचाय, त्यालाच लावा. म्हणजे मला खूणही होईल," मी म्हणालो. (या वाक्याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला होता.)

जीपचं तोंड भिंतीला टेकलेलं. सासूबाई वाकल्या, हात आत घातला, कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या आणि उठताना माझ्याकडे असं बघितलं, की जणू माझीच रवानगी होतेय.

मी चाकांमागे विटा लावल्या आणि बाजूनं आत सरकलो. जीपखाली आडवं झालं की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं, देवालाच ठाऊक. पण मला काळजी नव्हती. अंधारात एका दांड्यावर लाल ठिपका चमकत होता. हाच!

बोल्ट हलेनात. मी तेल सोडलं, पान्यावर लाथ मारली, आप्पांची क्षमा मागितली, पुन्हा लाथ मारली. बाहेर आमचे सेक्रेटरी भानूभाई खुर्ची टाकून बसले होते.

"विलासभाई, जिवंत छो?"

"आहे!"

"नाही, पाय हलत नव्हते म्हणून विचारलं."

शेवटचा बोल्ट सुटला आणि शाफ्ट माझ्या छातीवर आला. त्याला कवटाळून मी सरपटत बाहेर निघालो. चेहरा काळा, बनियन काळी, पण मान ताठ! "झालं!" मी ओरडलो, लाथेनं विटा उडवल्या आणि जीपमध्ये चढलो.

इंजिन सुरू झालं. रिव्हर्स गिअर टाकला. इंजिन डरकाळ्या फोडतंय, जीप जागची हलेना. मग ती हलली. आपोआप, मागे!

आमच्या पार्किंगला गेटकडे उतार आहे. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. जीप चाललीच. (या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हे, मागच्या शाफ्टला धरतो, हे ज्ञान मला नंतर झालं.)

"अरे, गाडी आवे छे!" भानूभाई खुर्चीसकट उठले.

"अहो, पायातला ब्रेक! पायातला!" मीना किंचाळली.

पायातही ब्रेक असतो हे मला आठवेपर्यंत जीप पाहुण्यांसाठी उन्हात रचून ठेवलेल्या गाद्यांच्या ढिगात शिरून थांबली होती. कापूस बराच वेळ खाली येत होता.

मीनानं वाकून जीपखाली बघितलं. "अहो, पुढचा तर इथेच आहे. तुम्ही मागचा काढलात."

"पण कुंकू..."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढून भिंत होती. माझा हात मागूनच पोचत होता. देवाला काय, दोन्ही सारखेच."

देवाला सारखेच होते. मला नव्हते. मी पुन्हा विटा लावल्या, पुन्हा आत गेलो. मागचा बसवला. मग पुढच्याशी भिडलो. या वेळी मीना टॉर्च धरून जमिनीवर पालथी पडली होती आणि प्रत्येक बोल्टाआधी विचारत होती, "नक्की? इंजिन कुठल्या बाजूला आहे, बोट दाखवा." मी बोट दाखवत होतो. अक्षता हुकल्या, जेवण हुकलं, पण शाफ्ट निघाला.

संध्याकाळी जीप हॉलच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिचा एवढासाही आवाज येत नव्हता. मुग्धा चढली, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि रडायला लागली. मीही रडलो. वरपक्षातल्या एका सज्जनांनी माझ्या काळ्या खांद्यावर हात ठेवला, "मिस्त्री, भावूक नका होऊ. जेवून जा."

मी जेवून गेलो. ड्रायव्हरांच्या पंगतीत. बासुंदी छान होती.

तेव्हापासून आमच्या घरी मिक्सर बंद पडो नाहीतर नळ गळो, मी पाना हातात घेतला की सासूबाई कुयरी घेऊन येतात आणि कुंकू थेट माझ्या कपाळाला लावतात.

मीना म्हणते, या वेळी खूण बरोबर जागी आहे.