फ्लेक्सवरचा हेरोद

नाताळच्या नाटकात मला बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचं काम मिळालं, आणि ते मी फार छान केलं. सगळी भानगड तिथेच झाली.

सिहोऱ्यात आमची ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. सासरे मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. नाटक पहिल्यांदाच चर्चबाहेर, मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, स्टेजवर, साऱ्या गावासमोर होणार म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं. "जवाईबापू," ते म्हणाले, "येशू कोण अन् हेरोद कोण, एवढं गावाले समजू द्या. बाकी देव पाहून घेईल."

पण मी पडलो फॅन. माझा हिरो पडद्यावर आला की अंगावर काटा येतो, आणि (सासऱ्यांना सांगू नका) हात आपोआप जोडले जातात. म्हणून हेरोदला मी त्याची चाल दिली, मान झटकणं दिलं आणि गॉगलही दिला.

"हेरोदचे डोळे आले का?" बायकोनं, म्हणजे रूथनं विचारलं.

"तुले स्टाइल समजत नाही."

एंट्रीलाच शिट्ट्या. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत वन्स मोर आला की नटानं पुन्हा यायचं, हा कायदाच. मी पुन्हा पुन्हा आलो. "गावातलं एकही बाळ वाचता कामा नये" यालाही वन्स मोर मिळाला!

तेवढ्यात गव्हाणीतल्या तणसीवर झोपलेला बाळ येशू, म्हणजे आमची तान्ही एस्तेर, माझा आवाज ऐकून भोकाड पसरून रडायला लागली. मरियमेनं हलवलं, योसेफानं हलवलं. शेवटी रूथ विंगेतून म्हणाली, "अवो, घ्या न तिले. तुमच्याबिगर थांबत नाही ते."

हेरोदानं येशूला उचललं. पोरीनं रडणं थांबवून माझी खोटी मिशी धरली आणि खुदकन हसली. सारा मंडप चिडीचूप. ज्याला मारायला निघालो तोच माझ्याकडे पाहून हसत होता. अशी शांतता मी हिरोच्या पिक्चरलाही अनुभवली नव्हती. गॉगलच्या आत माझे डोळे भरून आले.

आणि नेमके तेव्हाच भाऊ आले. भाऊ म्हणजे आमचे नेते. निवडणूक जवळ आलेली. नेता आला की नाटक थांबवून सत्कार, हाही इथला कायदा. भाऊंनी मुकुट पाहिला, कडेवर बाळ पाहिलं, सरळ माझ्या गळ्यात हार घातला आणि माझ्या पाया पडले. एवढा मोठा माणूस पायाशी! माझा हात आशीर्वादाला वर गेला.

"प्रभू येशूंचा आशीर्वाद मिळाला," भाऊ माइकवर म्हणाले.

"भाऊ, तो हेरोद होय," सासरे कानाशी कुजबुजले.

"हेरोदजींचंही योगदान मोठं आहे," भाऊ म्हणाले. टाळ्या.

दोन-चार दिवसांत चौकात नाताळच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. अर्ध्यात भाऊ, अर्ध्यात मी, गॉगलसकट. आपला फोटो असा लागावा म्हणून मी लहानपणापासून प्रार्थना केली होती. सासरे खाली उभे राहून वर पाहत होते. मी त्यांच्या मागे लपलो.

"पाळकसाहेब," चहावाला म्हणाला, "तुमचा देव गॉगल काहून लावते?"

"तो देव नाही, आमचा जवाई होय," सासरे म्हणाले. "देव त्याच्या कडेवर हाये. पाह्य, मिशी ओढून राहिला."

चहावाल्यानं फ्लेक्स पुन्हा नीट पाहिला. "असं होय. म्हणजे लहानवालाच मोठा," म्हणाला आणि त्यानं हात जोडले. सासऱ्यांनी जोडले. माझेही आपोआप जोडले गेले.

स्वतःच्याच फ्लेक्सपुढे हात जोडून उभा राहिलेला फॅन सिहोऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.